हरणी मागे का बघते

१

सोमवारी सकाळी कुलूपकाकांनी गुहेचं लोखंडी दार उघडलं आणि सगळ्यांच्या आधी आत घुसली भिंग. खरं नाव काय ते सोडा, तिथे तिला सगळे भिंगच म्हणायचे, कारण गळ्यात चोवीस तास दोरीला बांधलेलं भिंग. आणि काम असं, की गुहेत खणून निघालेली जी दगडी हत्यारं, म्हणजे कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी दगडावर दगड आपटून पाडलेल्या धारदार चकत्या, तासण्या, टोकं, त्या प्रत्येकावर नखाएवढ्या जागेत शाईनं नंबर घालायचा. मुंगीच्या अक्षरात. दिवसाला शंभर. दुसरं कुणी असतं तर आठवड्यात पळून गेलं असतं, हिला मजा यायची.

तर गुहा चार महिने बंद होती. उघडल्या दिवशी पहिल्यांदा आत जायचं, टॉर्च लावायचा आणि डाव्या भिंतीवरच्या हरणीला "काय गं, कशी आहेस?" म्हणायचं, ही भिंगची दरवर्षीची पद्धत. गेरूनं काढलेला कळप आहे तिथे. अकरा जनावरं, सगळी जीव खाऊन उजवीकडे पळतायत. एकटी हरणी तेवढी पळता पळता मान वळवून मागे बघतेय. त्या एका मानेसाठी लोक कुठून कुठून येतात.

भिंगनं टॉर्च लावला. "काय गं" एवढंच तोंडातून निघालं.

हरणी नव्हती.

म्हणजे भिंत होती, बाकीची दहा जनावरं होती, आणि हरणीच्या जागी पांढरा डाग. उघडलेल्या छत्रीएवढा. दुधावर साय धरावी तसा दगडावर थर धरलेला, आणि त्यातून कुठे एक खूर, कुठे पाठीची अर्धी रेघ.

"काका," भिंग म्हणाली, "इथे पाणी कुणी मारलं?"

"पाणी? आत?" कुलूपकाका दारातूनच म्हणाले. "अगं, मी थुंकीसुद्धा बाहेर गिळून आत येतो."

हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही. तिथलं बोअरचं पाणी म्हणजे नुसता चुना. किटलीत महिन्याभरात अंड्याच्या टरफलाएवढा थर बसतो, बादल्यांना पांढरी कडी पडतात. म्हणून गुहेत पाण्याला सक्त मनाई, पाहुण्यांच्या बाटल्यासुद्धा फाटकावर काढून ठेवतात. त्यामुळे तो डाग बघून कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. कुणीतरी भिंत ओली केली होती, आणि वरून वाळली तरी आत मुरलेलं पाणी बंद गुहेत चार महिने सावकाश चुना वर आणत बसलं होतं.

सर आले. खणण्याचं, नोंदीचं, सगळं तिथलं काम त्यांच्या हाताखाली. त्यांनी वाकून डाग जवळून बघितला.

"पुसता येईल ना, सर?"

"नाही. खरवडलं तर खालचा गेरू बरोबर येईल. आता हे दगडाचंच झालं."

मागोमाग मावशी आली. भिंगची सख्खी मावशी, हिला लहानाची मोठी करणारी, आणि हे काम मिळवून देणारी. तीस वर्षं त्या भिंतीसमोर स्टुलावर बसून ती चित्रांच्या नकला उतरवायची, कागदावर, रेघ न रेघ. बाकी सगळे तिला बाई म्हणायचे. बाईंनी डाग बघितला, जवळ गेल्या, आणि अगदी हळू म्हणाल्या, "पांढरं कसं झालं?"

सगळ्यांना वाटलं, धक्का बसलाय. मग मावशीनं वळून भिंगकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि बाहेर निघून गेली.

"किल्ली कुणाकडे असते?" सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

सगळ्यांच्या माना कुलूपकाकांकडे वळल्या.

२

आता कुलूपकाकांचं असं, की हा माणूस आणि ओलं फडकं यांचं जणू लग्न लागलेलं. धूळ दिसली की पुसलीच. गेल्या वर्षी गुहेच्या बाहेरच्या पायऱ्या पाइप लावून धुतल्या म्हणून त्यांना लेखी ताकीद मिळाली होती. ते कागदावर होतं. आणि कागदावर जे असतं तेच आधी सापडतं.

शुक्रवारी मुख्य कार्यालयातून तिघे जण चौकशीला येणार होते. सर भिंगला म्हणाले, "नाव दिलं नाही, तर ते म्हणतील तुमच्यात कुणाचाच भरवसा नाही, आणि गुहाच कायमची बंद करतील. मला एक नाव द्यावंच लागेल."

"आणि ज्याचं नाव द्याल त्याला?"

"काढतील."

काकांना काढलं म्हणजे नुसती नोकरी नाही, फाटकाजवळच्या दोन खोल्याही गेल्या. एकतीस वर्षं तिथे राहिलेला माणूस. त्यांना दुसरं घर नव्हतंच.

"शुक्रवारपर्यंत मला द्या, सर. मी सगळ्यांना विचारते."

"विचार. मी अडवत नाही." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मलाही काकांचं नाव द्यायचं नाहीये गं. पण दुसरं कोण आहे?"

भिंग आधी गेली काकांच्याच घरी. काकी दारातच भांडी वाळत घालत होत्या.

"विचार, विचार त्यांना," काकी म्हणाल्या. "माझं नशीब, नवऱ्यानं घरातली एक खिडकी कधी पुसली नाही, आणि आरोप काय तर म्हणे गुहा पुसली."

काका खाटेवर बसले होते, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. भिंगनं विचारलं, बंद व्हायच्या आधीचा शेवटचा आठवडा आठवतोय का. आठवत होता. शनिवारी पाहुण्यांचा शेवटचा गट. सोमवारी फोटोवाला आला, दिवसभर दिवे लावून बसला, मंगळवारी सकाळी गेला. मंगळवारी आणि गुरुवारी सर आणि भिंग भिंतीच्या बुडाशी खणत होते. शुक्रवारी दुपारी कुलूप.

"आणि बुधवारी?"

"बुधवारी सुट्टी. कुणी आलं नाही."

"नक्की?"

"किल्ली माझ्या कमरेला. माझ्याशिवाय दार उघडेल कोण?" एवढं बोलून झालं, आणि आपण काय बोललो ते काकांचं काकांनाच ऐकू आलं.

मग पोपट. पोपट म्हणजे गाईड, पाहुण्यांना गुहा दाखवणारा. बारा वर्षं तीच वाक्यं, तेच हातवारे, तोच थांबा. हरणीपुढे आला की टॉर्च वर करायचा, आवाज खाली करायचा: "मंडळी, सगळे पुढे पळतायत, ही एकटीच मागे का बघते? कारण मागे... शिकारी आहे." बायका दचकायच्या. दर वेळेला.

भिंगनं विचारलं, "खरं सांग. बाटलीतलं पाणी उडवून रंग उजळ करून दाखवायचास ना लोकांना?"

पोपटाचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आत्ता तूच."

"अगं, पहिल्या वर्षी. एकदाच, आणि तेही त्या कोपऱ्यातल्या बैलावर. कुलूपकाकांनी बघितलं आणि कान असा पिरगाळला की अजून सर्दी झाली तर डावा कान दुखतो." मग तो एकदम बिचारा होऊन म्हणाला, "भिंग, हरणी गेली तर मी बोलू काय? माझं सगळं भाषण तिच्यावर उभं आहे."

फोटोवाला बुधवारी दुपारी आला, डागाचे फोटो काढायला. तो भिंगचा प्रश्न ऐकून दुखावला गेला, पण ऐटीत.

"पाणी मारून फोटो काढायचे ते माझे गुरुजी. त्यांच्या काळी सगळे तेच करायचे, ओलं केलं की पुसट रंग वर येतो. वाळलं की पुन्हा होतं तसं. नकला उतरवणारेसुद्धा करायचे. मला काय गरज? माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. आणि मी मंगळवारी सकाळी गेलो, माझ्या पेट्या कुणी बांधल्या?"

भिंगनंच बांधल्या होत्या. तो मंगळवार म्हणजे नुसती धांदल. फोटोवाल्याच्या पेट्या बांध, सरांचे नकाशे गुंडाळ, मावशीचे ब्रश धू, बाटल्या भरून ठेव, आणि मधल्या वेळात खाली बसून खण. बुधवारी ती दिवसभर मेल्यासारखी झोपली होती.

दोन दिवस संपले. तिघांना विचारून झालं, आणि तिघांपैकी कुणीच खोटं बोलतंय असं वाटत नव्हतं. हातात काय, तर भोपळा.

तिनं भिंग गळ्यातून काढलं आणि परत गुहेत गेली.

३

माणसं नाही बोलली तर दगडांना विचारायचं, हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

तिनं डागाच्या कडेला भिंग लावलं. मध्ये साय सलग होती, पण कडेला? कडेला ठिपके. बारीक, गोल, सुईच्या टोकाएवढे, बाहेरच्या बाजूला विरळ होत गेलेले.  फडक्यानं पुसलं असतं तर ओढलेले पट्टे दिसले असते. बाटलीतून पाणी फेकलं असतं तर ओघळ आले असते, जमिनीपर्यंत. हे ठिपके म्हणजे फवारा. दाबायच्या बाटलीचा. म्हणजे फडकं नाही, म्हणजे काका नाहीत.

पण ठिपके दाखवून सर मानतील का? "काकांनी फवारा मारला असेल," असंही म्हणतील.

मग तिनं डागाची खालची कड बघितली आणि जरा गोंधळली. वरून, बाजूंनी डाग वाकडातिकडा, ढगासारखा. खालून मात्र सरळ. पट्टी ठेवून आखल्यासारखी. जणू कुणी ओघळ खाली जाऊ नयेत म्हणून काहीतरी सरळ कडेचं, शोषून घेणारं, खाली धरून ठेवलं होतं. भिंत ओली करणारा आणि भिंतीची इतकी काळजी घेणारा, दोन्ही एकच माणूस?

हे तिनं डोक्यात ठेवलं आणि धावत हत्यारांच्या खोलीत गेली, कारण तिला दुसरंच काहीतरी सुचलं होतं. हरणीच्या बरोबर खाली त्यांचा खड्डा होता. त्यात चकत्यांच्या दोन रांगा मंगळवारी उघड्या पडल्या. पहिली रांग मंगळवारीच उचलली. दुसरी गुरुवारी. प्रत्येक चकती उचलताना तिच्या वरच्या अंगाला पेन्सिलीची फुली मारायची, म्हणजे जमिनीत ती कुठली बाजू वर ठेवून पडली होती ते कळतं. आणि प्रत्येक पिशवीवर तारीख.

एरवी या चकत्या त्याच दिवशी धुवायच्या, मऊ ब्रशनं, डिस्टिल्ड, म्हणजे चुना काढलेल्या पाण्यात. पण त्या आठवड्यात कॅन सोमवारीच संपला होता आणि पाण्याची गाडी कुलूप लागेपर्यंत आलीच नाही. म्हणून मंगळवारच्या, गुरुवारच्या सगळ्या पिशव्या न धुता तशाच राहिल्या, अंगावरच्या धुळीसकट. नशीब म्हणतात ते हेच, असं भिंगला वाटलं. मनातल्या मनात तिनं त्या न आलेल्या गाडीला हात जोडले.

मंगळवारच्या चकत्या: स्वच्छ. नुसती धूळ.

गुरुवारच्या चकत्या: फुलीच्या बाजूला धुळीत बारीक गोल पांढरे ठिपके. उलट्या केल्या, खालच्या बाजूला एकही नाही.

ती तिथेच खाली बसली. फवाऱ्याचा तुषार वरून पडला होता, चकत्या खड्ड्यात असताना. मंगळवार संध्याकाळनंतर आणि गुरुवार सकाळच्या आधी. गुरुवारी खणताना भिंत वरून वाळलेली होती, पांढरं नंतर धरलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे नाहीत, पोपट नाही, फोटोवाला नाही, सर नाहीत.

बुधवार. ज्या दिवशी कुणीच आलं नव्हतं.

४

"काका, पुन्हा एकदा. बुधवारी कोण आलं होतं?"

"सांगितलं ना, कुणी नाही." काका गुरुवारी सकाळी सामान बांधत होते. निकाल लागायच्या आधीच. काकींनी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या होत्या. "कुणी परकं फाटकाच्या आत आलं नाही. फक्त बाई होत्या."

"मावशी?"

"त्या दर बुधवारी असतात. सुट्टीच्या दिवशी शांत असतं म्हणून. तू विचारलंस, कुणी आलं होतं का. बाई काय, कुणी थोड्याच आहेत? बाई म्हणजे बाई."

भिंग उभीच राहिली. काकांनाही मग हळूहळू कळलं, आणि त्यांचा हात दोरीवरच थांबला.

"छे," काका म्हणाले. "भलतंच काय. त्या भिंतीला मी हात लावेन एक वेळ. बाई नाही लावणार."

तेच तर. मावशीला त्या भिंतीसमोर कुणी शिंकलेलं चालायचं नाही. पण ओघळ टिपायला खाली सरळ कडेचं काहीतरी धरलेलं. टीपकागद. मावशीच्या टेबलावर टीपकागदाचा गठ्ठा कायम असायचा. आणि कागद ताणून बसवायच्या आधी तो ओला करायला एक फवाऱ्याची बाटली. "नकला उतरवणारेसुद्धा करायचे," असं फोटोवाला म्हणाला होता, आणि तिनं ते ऐकून सोडून दिलं होतं. घरच्या माणसावर संशय घ्यायचा असतो हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मावशीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी खिडकीपाशी बसली होती, हात मांडीवर. टेबलावर कागद पसरलेला, आणि त्याच्यावर हरणी. पूर्ण. मान वळवलेली, तीच जगात एकुलती एक मान. भिंगला भरून आलं. मग ती जवळ गेली, आणि तिनं भिंग डोळ्याला लावलं.

हरणीच्या मागे, जिथे भिंतीवर कधीच काही नव्हतं, जिथे तिनं स्वतः शंभर वेळा बघितलं होतं आणि नुसता दगड दिसला होता, तिथे चार बारीक पाय होते. एक कान. एक वाकडीतिकडी पाठ.

पिलू होतं.

५

"कोरड्या भिंतीवर हे दिसत नाही, मावशी."

"नाही."

"कधीच दिसलं नाही. कुणालाच."

"बस," मावशी म्हणाली. "उभी राहून भांडू नकोस."

भिंग बसली नाही.

"माझे डोळे गेलेत गं," मावशी सांगायला लागली, भाजी संपली म्हणावं इतक्या साध्या आवाजात. "वर्षभर झालं. समोरची रेघ मला दिसत नाही, आठवते. आठवणीनं काढत होते. तुला कळलं नाही, सरांना कळलं नाही. त्या बुधवारी वाटलं, एकदा नीट बघू दे. जुनी युक्ती. तीन फवारे मारले. आणि मागे कान दिसला."

"मग?"

"मग हात थांबेना. दोन मिनिटांत वाळायचं, पिलू जायचं, की मी पुन्हा फवारायची. एक पाय काढला, गेलं. दुसरा पाय काढला, गेलं. बाटली संपली तेव्हा पिलू पुरं झालं होतं." ती थोडी हसली. "बारा वर्षं मी त्या पोपटाचं ऐकत आले, मागे शिकारी आहे, मागे शिकारी आहे. मूर्ख. तिचं पिलू मागे राहिलंय."

भिंगला ओरडायचं होतं. पण ओरडायला हवं ते दुसरंच होतं, आणि ते तिनं हळूच विचारलं. "काका सामान बांधतायत. तू सोमवारपासून गप्प का बसलीस?"

मावशीनं टेबलावरचा कागद सरळ केला.

आता बघा, भिंग हुशार होती, पण आपलं माणूस समोर असलं की हुशारीला जरा वेळ लागतो. तिला मावशीचं सोमवारचं वाक्य आठवलं. पांढरं कसं झालं. धक्का नव्हता तो. प्रश्न होता. खरा प्रश्न.

"तुला वाटलं होतं पांढरं होणार नाही," ती म्हणाली.

"डिस्टिल्ड पाण्याचा डाग राहत नाही. म्हणून तर मारलं."

"पण डिस्टिल्ड..."

आणि तिथे ती थांबली. कॅन सोमवारीच संपला होता. काल दगडांच्या पिशव्यांपुढे बसून तिनं त्याच न आलेल्या गाडीला हात जोडले होते.

मंगळवार संध्याकाळ. सगळीकडे नकाशे, दोऱ्या, हाका. मावशी दारातून म्हणतेय, "माझी फवाऱ्याची बाटली भरून ठेवशील? कॅनमधलं पाणी हं." हिनं कॅन हलवला, रिकामा. सांगायचं म्हणून ती वळलीसुद्धा होती. तेवढ्यात सरांनी हाक मारली. कागदाला तर लावायचंय, एक दिवस काय होतंय, असं म्हणून तिनं बाटली बोअरच्या नळाखाली धरली. झाकण लावलं. टेबलावर ठेवली. आणि विसरली.



"मी भरली," भिंग म्हणाली.

"मला ते सोमवारीच कळलं. डाग बघितल्या बघितल्या." मावशीनं तिचा हात धरला. "मारलं मी. आत पाणी नेलं मी. तू नुसती बाटली भरलीस. पण ते असं लिहिणार नाहीत. ते दोन नावं लिहितील. म्हणून गप्प बसले. वाटलं, उद्या उभी राहीन आणि सांगेन, पाणी नळाचं होतं, मीच घेतलं."

"तीन दिवस काकांना..."

"हो. तीन दिवस. तेही माझंच."

"डिस्टिल्ड असतं तर हरणी वाचली असती?"

खोटं बोलता आलं असतं तर मावशी बोलली असती. "माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित दगडातलाच चुना वर आला असता. आता कुणालाच कळणार नाही."

६

शुक्रवारी भिंगनं सगळं सांगितलं. चौकशीला आलेल्या तिघांसमोर चकत्या मांडल्या, मंगळवारच्या या बाजूला, गुरुवारच्या त्या बाजूला, हातात भिंग दिलं, ठिपके दाखवले. सरळ कड दाखवली. रिकाम्या कॅनचं सांगितलं, नळाचं सांगितलं. मावशी मध्ये बोलायला उठली, तर भिंग म्हणाली, "मावशी, बस. उभी राहून भांडू नकोस."

एवढं छान कुणी कोडं सोडवलेलं त्या तिघांनी बघितलं नव्हतं. त्यातला एक जण तसं म्हणालासुद्धा. मग त्यानं दोन नावं लिहून घेतली.

काकांवरचा ठपका गेला. काकींनी कपबशा पुन्हा मांडल्या, एक फुटली. मावशीचं काम त्या दिवसापासून बंद. भिंगला हत्यारांवर नंबर घालायचं काम ठेवलं, पण गुहेत पाऊल टाकायचं नाही, कधीच.

आणि पिलू. मावशीनं तो कागद स्वतः टेबलावर पसरला. ते तिघे वाकून बघत राहिले. सरही, आणि दारातून पोपटही.

"बाई," सर म्हणाले, "हे... सुंदर आहे. पण पडताळायचं कशाशी? भिंतच राहिली नाही."

"मी बघितलंय."

"हो. पण तुम्ही एकट्यांनी. आणि तुम्हीच म्हणता, डोळे..."

मावशीनं मान हलवली. तिला राग आला नाही. ती सरांच्या जागी असती तर तिनंही हेच म्हटलं असतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, "पडताळणी शक्य नाही." कागद कपाटात गेला.

पुढच्या आठवड्यात गुहा पाहुण्यांना उघडली. भिंग दाराच्या गजांपाशी जाऊन उभी राहिली. कुलूपकाका तिथेच होते, जुडगा घेऊन. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"बाहेरच थांब गं," ते म्हणाले. "काय करू. मला तसं सांगितलंय."

"हो, काका."

आतून पोपटाचा आवाज येत होता. बैल झाला, हाताचे ठसे झाले, शिंगंवाला झाला. आवाज सरकत सरकत डाव्या भिंतीशी आला आणि थांबला. हा त्याचा नेहमीचा थांबा नव्हता. खूप लांबला.

"इथे एक हरणी होती," तो म्हणाला. "सगळे पुढे पळतायत, आणि ही एकटी मागे बघायची."

"का?" एका बाईनं विचारलं.

भिंगनं गज धरले. काकांनी किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून जुडगा मुठीत घट्ट दाबला.

"पिलू मागे राहिलं होतं," पोपट म्हणाला.

"कुठाय? मला तर नुसतं पांढरं दिसतंय."

"तिथेच आहे. बघा ना."

टॉर्चचा गोल त्या पांढऱ्यावर एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. बाई बिचारी पुढे वाकून, डोळे बारीक करून शोधत राहिली. भिंगच्या गळ्यात भिंग होतं. दारापासून भिंत वीस पावलांवर होती.

"नाही हो," आतून बाई म्हणाली. "काहीच नाही."